दर मंगळवारीच पोट का दुखतं?

लहान मुलं सांगत असतात, फक्त आपल्या भाषेत सांगत नाहीत. त्यांचं पहिल्यांदा ज्याच्या कानावर पडेल तो माणूस आई-बाबाच असेल असं नाही. तो तुम्हीही असू शकता.

घरात किंवा बिल्डिंगमध्ये पाच-सहा-आठ वर्षांचं एखादं पोर असेलच. भाची, पुतण्या, नाहीतर खालच्या मजल्यावरची ती बडबडी, जिला तुम्ही अधूनमधून स्कूल व्हॅनमधून उतरवून घेता. तुमच्यापैकी काही जण कॉलेज सांभाळून पहिली-दुसरीच्या ट्यूशन घेतात. कुणी सोसायटीच्या गणपतीत छोट्यांचा डान्स बसवतं, कुणी उन्हाळी शिबिरात ‘ताई’ किंवा ‘दादा’ असतं. आई-बाबा कामावर, आजी-आजोबा थकलेले. फरशीवर मांडी घालून त्या पोराबरोबर लुडो खेळणारे तुम्हीच. म्हणून हा लेख पालकांच्या पानावर न देता तुमच्या पानावर दिलाय.

समजा, दुसरीतली एक मुलगी आहे. दर मंगळवारी सकाळी तिचं पोट दुखतं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, आईनं ओव्याचं पाणी दिलं, आजीनं दृष्ट काढली. व्हॅन निघून गेली की पोट थांबतं. घरात सगळ्यांचं एकमत : नाटकं! असतीलही. मंगळवारी पाढ्यांची तोंडी परीक्षा असेल. पण एकदा वेळापत्रक काढून बघायला काय जातं? मंगळवारी कुठला तास असतो, कोण शिकवतं, त्या दिवशी व्हॅनमध्ये शेवटपर्यंत कोण उरतं, शाळा सुटल्यावर ती कुणाकडे थांबते? हे प्रश्न पडणारं घरात कुणीतरी असावं लागतं. आई-बाबांना सकाळी आठच्या घाईत ते पडतीलच असं नाही.

बदलापूर आठवतंय? ऑगस्ट २०२४. शाळेत जेमतेम जायला लागलेल्या, चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोप होता शाळेतच साफसफाईच्या कामाला ठेवलेल्या माणसावर. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले आणि लोकल तासन्तास ठप्प झाल्या. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा स्टेटस ठेवले असतील. पुढे पोलिसांच्या गोळीबारात आरोपी मेला, त्यावरून आणखी गदारोळ झाला. या सगळ्या आवाजात एक साधी गोष्ट मागे पडली. हे प्रकरण कुठल्या कॅमेऱ्यामुळे बाहेर आलं नाही. एका छोट्या मुलीनं घरी ‘दुखतंय’ म्हणून सांगितलं आणि घरच्यांनी ते उडवून लावलं नाही, तपासणी करून घेतली, म्हणून ते बाहेर आलं. त्यानंतर मात्र गुन्हा नोंदवून घ्यावा म्हणून त्याच घरच्यांना पोलीस ठाण्यात तासन्तास ताटकळावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली ती या दिरंगाईची, आणि शाळेनं कळूनही तक्रार न करण्याचीही.

म्हणजे मुलगी बोलली होती. अडलं ते मोठ्यांच्या दारात.

कसं ओळखायचं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘अनोळखी काका चॉकलेट देऊन पळवून नेतात’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. खरं चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. ‘पॉक्सो’खाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा मित्र, क्लासचे सर, व्हॅनवाला. ओळखीचा असतो म्हणूनच पोर गोंधळतं. आईसुद्धा ज्याच्याशी हसून बोलते, दिवाळीला ज्याला फराळ देते, त्याच्याबद्दल काय आणि कसं सांगायचं? शिवाय हा माणूस पहिल्याच दिवशी काही करत नाही. आधी लाड करतो, मोबाईल खेळायला देतो, ‘हिला मी सांभाळतो, तुम्ही जा बिनधास्त’ म्हणून घरच्यांचाही विश्वास कमावतो. मग गुदगुल्या, मग मांडीवर बसवणं, मग ‘हे आपलं दोघांचंच सीक्रेट हं’. मुलाला ते सुरुवातीला आवडतही असतं. नंतर त्याला वाटतं, आपणच काहीतरी घाण केलंय.

आता खुणा. लैंगिक अत्याचारात शरीरावर काही दिसेलच असं नाही, बहुतेक वेळा दिसतच नाही. शू करताना जळजळणं, बसताना-चालताना अवघडणं, चड्डीला डाग, ओटीपोटात दुखणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरकडे न्यायचंच. पण जास्त बोलतं ते वागणं. अंथरूण ओलं करणं दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. अंगठा चोखणं परत आलं. रात्री दचकून उठणं. एखाद्या माणसाचं नाव निघालं की आईच्या मागे लपणं. शाळेत दिवसभर शू दाबून ठेवणं आणि घरी आल्या आल्या बाथरूमकडे धावणं. यात शाळेचं टॉयलेट घाणेरडं असणं हे कारणही असतं, आपल्याकडे ते काही दुर्मीळ नाही. पण विचारल्याशिवाय कसं कळणार? वयाला न शोभणारी माहिती हीसुद्धा मोठी खूण आहे. पाच वर्षांच्या मुलानं मोठ्यांच्या लैंगिक वागण्याची नक्कल बाहुल्यांबरोबर किंवा दुसऱ्या मुलांबरोबर केली, तर फटका मारून ‘शी, कुठून शिकलास!’ असं ओरडू नका. तोच प्रश्न ओरडल्याशिवाय विचारा. कुठून शिकला, हेच तर जाणून घ्यायचंय.

मारहाणीचं गणित त्यामानानं सोपं आहे. पळताना पडलेल्या पोराला लागतं कुठे? गुडघे, कोपर, नडगी, हनुवटी, कपाळ. पाठ, दंडाची आतली बाजू, मांड्या, कुल्ले, कानामागची जागा इथे पडून सहसा लागत नाही. दोन समांतर वळ असतील तर पट्टी किंवा वायर आठवा. एप्रिलच्या उन्हात लांब बाह्यांचा शर्ट, विचारल्यावर मूल एक कारण सांगतं आणि घरचे दुसरं, हे टिपून ठेवा. आणि अत्याचार म्हणजे फक्त हात लावणं किंवा मारणं नाही. रोज उपाशी शाळेत पाठवणं, आजारपणात डॉक्टरकडे न नेणं, चारचौघांत ‘ढ’, ‘काळी’, ‘नकोशी’ म्हणत राहणं हेही त्यातच येतं. छडीचं कौतुक आपल्याकडे अजून संपलेलं नाही, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २००९ मध्येच शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो’ म्हणणाऱ्या काकांना हे कलम सांगून बघा.

एक खूण दिसली म्हणजे अत्याचार झालाच, असं नाही. नवं भावंड आलं, घर बदललं, आई-बाबांची भांडणं होत असली तरी मुलं अशीच वागतात. तुम्ही डिटेक्टिव्ह व्हायचं नाहीये. कालपर्यंतचं मूल आणि आजचं मूल यांत फरक पडला का, एवढंच बघायचं आणि फरक दिसला तर थोडं जवळ बसायचं. उलट काहीच खुणा नसलेली, वर्गात पहिली येणारी, हसरी मुलंही हे सोसत असतात.

आणि मुलगे? ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात ५३ टक्के मुलांनी कधी ना कधी कुठल्या तरी स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि या सांगणाऱ्यांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. अहवाल जुना आहे. पण त्यानंतरही भाच्याला क्लासला एकटं सोडताना आपण भाचीइतका विचार करतो का, सांगा.

नाक, कान, डोळे आणि मग थेट गुडघे

लहान मुलांना आपण शरीराचे अवयव कसे शिकवतो? नाक, कान, डोळे, हात, पोट, आणि मग एकदम गुडघे. मधल्या भागाला एक तर नाव नसतं, नाहीतर प्रत्येक घराचं वेगळं लाडाचं नाव असतं. आता विचार करा, एखादं मूल बाईंना सांगतंय, ‘दादानं माझ्या चिऊला लावलं.’ चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना वाटणार, चिमणीचं काहीतरी चित्र असेल. मूल सांगून मोकळं झालं आणि कुणालाच काही कळलं नाही. ‘शूची जागा’, ‘शीची जागा’, ‘छाती’ हे शब्द कुणालाही कळतात. मूल थोडं मोठं झालं की पुस्तकातले शब्दही सांगता येतात. तोंडानं उच्चारताना आपल्यालाच लाजल्यासारखं होतं, मुलांना काही वाटत नाही. आंघोळ घालताना जसं ‘कानामागे साबण लाव’ म्हणतो, तशाच आवाजात म्हणायचं.

‘गुड टच, बॅड टच’ आता बहुतेक शाळांत एकदा तरी होऊन जातं. २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या एका भागात आमिर खाननं मुलांची कार्यशाळा घेतली, तेव्हापासून हे शब्द घराघरांत पोहोचले. तुमच्यातले काही जण तेव्हा पहिली-दुसरीत असतील. त्यानं नक्की फायदा झाला. पण एक अडचण राहिली. जो स्पर्श ‘बॅड’ वाटलाच नाही, गुदगुल्यांसारखा वाटला, त्याचं काय? आणि ‘बॅड टच’ झाला म्हणजे मी पण बॅड का? म्हणून मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था आता ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ स्पर्श असं म्हणतात, आणि कसं वाटलं यापेक्षा साधा नियम देतात. तुझी शूची जागा, शीची जागा, छाती कुणी बघायची नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःची दाखवायची किंवा तुला हात लावायला सांगायचं नाही. स्वच्छ करायला आई-बाबा किंवा सांभाळणारी आजी, आणि दुखत-खुपत असेल तर आई-बाबांसमोर डॉक्टर, एवढीच सूट. नियम कुणी मोडला तर चूक मोडणाऱ्याची. रस्ता ओलांडायच्या नियमासारखं हे सांगायचं, त्याच सुरात आणि तितक्याच वेळा. वर्षातून एका पॉवरपॉईंटनं काही होत नाही.

गुपिताचाही एक नियम सांगता येतो. बाबांच्या वाढदिवसाचा केक आणलाय, त्यांना सांगायचं नाही, ही गंमत. ती संध्याकाळी फुटणारच असते आणि फुटल्यावर सगळे हसतात. पण ‘कध्धीच कुणाला सांगायचं नाही’ असं मोठ्या माणसानं सांगितलं तर ते सांगायचंच. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक छान कळतो, करून बघा.

आता जरा आपल्या घरात डोकावू. लग्नात पाहुणे येतात. ‘ये गं, काकांना पापी दे.’ ती नाही म्हणते. ‘अशी काय करतेस? काका रागावतील हां!’ आणि तिला उचलून काकांच्या हातात दिलं जातं. काका बिचारे साधे असतील. पण पोरीनं काय शिकलं? माझ्या ‘नाही’ला काही किंमत नाही आणि मोठ्यांना वाईट वाटू द्यायचं नाही. मग शाळेतल्या कुणाला ती ‘नाही’ म्हणेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? अशा वेळी तुम्ही मध्ये पडू शकता. ‘काकांना टाळी दे’ म्हणा, ‘लांबून टाटा कर’ म्हणा. लग्नघरात कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

सांगितलं, तर?

मुलं नीट समोर बसून सांगत नाहीत. चित्र काढता काढता, झोप येता येता, बाईकवर मागे बसून तुमच्या पाठीला टेकून एखादं वाक्य टाकतात. ‘ते सर मला आवडत नाहीत.’ एवढंच. आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘असं बोलू नये, सर आहेत ना ते.’ संपलं. पुढचं वाक्य येतच नाही.

त्याऐवजी ‘हो? का बरं?’ आणि मग गप्प. ‘मग काय झालं?’ आणि परत गप्प. उत्तर तुम्ही पुरवायचं नाही. ‘त्यांनी तुला इथे हात लावला का?’ असे प्रश्न विचारले तर घाबरलेलं मूल तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो किंवा नाही काहीही म्हणेल, आणि पुढे कोर्टात तेच अंगाशी येतं. ‘खरंच?’ नको. ‘आधी का नाही सांगितलंस?’ तर मुळीच नको. चेहऱ्यावरचा धक्का जमेल तेवढा गिळा. तुम्ही रडायला लागलात किंवा ‘त्याला आता ठोकतोच’ म्हणून उठलात, तर मूल तुम्हालाच सांभाळायला लागेल आणि म्हणेल, ‘नाही नाही, काही नाही झालं.’ त्याला तीन गोष्टी ऐकायच्या असतात. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. बरं झालं मला सांगितलंस.

आणि एक वचन द्यायचं नाही. मुलं विचारतातच, ‘तू कुणाला सांगणार नाहीस ना?’ सांगावं लागणार आहे. त्यामुळे खरं सांगा : ‘सगळ्यांना नाही सांगणार. जे मोठे हे थांबवू शकतात त्यांनाच सांगणार.’ नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पोर ‘चिऊ’ म्हणालं असेल तर ‘चिऊ’च लिहा. मोबाईलवर शूट करून फॅमिली ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. आई, मग मावशी, मग आत्या असं चार जणींसमोर पुन्हा पुन्हा वदवूनही घेऊ नका. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. फोनवर काही आलं असेल तर डिलीट करू नका.

इथे कायदा तुमच्याशी थेट बोलतो. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बालदिनाचा मुहूर्त मुद्दाम साधलेला. त्याचं कलम १९ सांगतं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं. ‘प्रत्येकानं’ म्हणजे मुख्याध्यापक, डॉक्टर आणि एफवायबीएचा विद्यार्थीसुद्धा. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत. यातून सूट फक्त अठरा वर्षांखालच्या मुलांना. वयाची अठरा पूर्ण झाली की मतदानाबरोबर ही जबाबदारीही येते, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. पुरावा गोळा करून द्यायचं काम तुमचं नाही. तुम्ही चांगल्या हेतूनं कळवलंत आणि पुढे काही सिद्ध झालं नाही, तरी तुमच्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

कळवायचं कुठे? १०९८. हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला. आज तो सरकारी यंत्रणेमार्फत चालतो, फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो. तातडी असेल तर ११२. पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तर झीरो एफआयआर हा शब्द वापरा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो, मग ते तो पुढे पाठवतात. दवाखाना सरकारी असो की खासगी, पॉक्सोच्या प्रकरणात पहिले उपचार फुकट आणि लगेच द्यावेच लागतात, ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणता येत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, त्याचा विश्वास असलेल्या माणसासमोर घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. मूल कुठल्याही कारणानं रात्री ठाण्यात थांबवायचं नाही. घरचे गोंधळलेले असतात, त्यांना हे काहीच आठवत नाही. बरोबर गेलेल्या भावाला किंवा मावशीला आठवलं तरी पुष्कळ.

‘कपड्यांवरूनच हात लावला ना, एवढं काय?’ असं म्हणणारे निघतील. नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ मधल्या एका निकालात त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून पॉक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही, असं म्हटलं गेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, असं स्पष्ट केलं. वाद घालणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरे.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे ज्याच्याकडे बोट जातं तो घरातलाच असतो. मामा, आजोबा, कधी पंधरा-सोळा वर्षांचा चुलतभाऊ. मग ‘घराण्याची अब्रू’, ‘पोरीचं पुढे लग्न व्हायचंय’, ‘त्याचं करिअर बरबाद होईल’ हे सगळं एका बैठकीत बाहेर येतं. सगळ्यात तरुण म्हणून तुम्हाला गप्प बसवलं जाईल. अशा वेळी घरातल्या एका तरी मोठ्या बाईला किंवा माणसाला आधी एकटं गाठा, आणि तोपर्यंत ते मूल त्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही एवढं आधी बघा. तेही जमत नसेल तर १०९८ घरच्यांना न विचारताही लावता येतो. चुलतभाऊ अल्पवयीन असेल तर त्याच्यासाठी बाल न्याय कायद्याची वेगळी वाट आहे, त्याला सरळ तुरुंगात टाकत नाहीत. दडपलं तर मात्र तो पुढच्या सुट्टीत पुन्हा घरी येणार असतो.

शाळेत काय बघायचं?

बदलापूरनंतर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी असे आदेश दिले. ‘सखी सावित्री समिती’ तर २०२२ पासूनच प्रत्येक शाळेत असायला हवी. पुढच्या वेळी भाच्याला सोडायला जाल तेव्हा गेटवर उभं राहून रील बघण्यापेक्षा जरा नजर फिरवा. समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावलीत का? तक्रारपेटी पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचेल अशी आहे की मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, त्यांच्या डोळ्यांसमोर? आणि पाच वर्षांचं मूल चिठ्ठी कशी लिहिणार, हा प्रश्न पालकसभेत विचारायला ताईला सांगा. छोट्यांबरोबर टॉयलेटला कोण जातं? ते वर्गाजवळ आहे की मैदानाच्या टोकाला? कंत्राटी माणसं कुणी तपासून घेतली? स्कूल बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस हवी, असं राज्याचे नियम सांगतात. रिक्षा आणि खासगी व्हॅनमध्ये तीही नसते, तेव्हा शेवटी उतरणारं पोर कोणतं हे बघा.

कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा झाल्यानंतरचं दाखवतो, आणि टॉयलेटच्या आत तो लावता येत नाही. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा शाळेत असं एक माणूस जास्त उपयोगी, ज्याचं नाव प्रत्येक मुलाला माहीत आहे आणि ज्याच्याकडे मधल्या सुट्टीत जाऊन काहीही सांगता येतं. बऱ्याच शाळांत त्या एखाद्या शिपाईमावशीच असतात. त्यांना प्रशिक्षण मात्र कुणी देत नाही.

तुम्ही स्वतः ट्यूशन घेत असाल, डान्स बसवत असाल, तर हे नियम तुम्हालाही लागू. दार उघडं ठेवा. ड्रेस बदलायला मदत लागली तर मुलाच्या आईला बोलवा. उचलून घेण्याआधी विचारा. त्यांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. यात तुमच्यावर संशय घेण्यासारखं काही नाही. उलट चांगला दादा असा वागतो हे मुलांनी रोज पाहिलं, तर वेगळं वागणारा त्यांना चटकन खटकेल.

हे वाचता वाचता कुणाला स्वतःचं लहानपण आठवलं असेल. तेव्हा कुणी विचारलं नाही, तुम्हालाही सांगता आलं नाही. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, त्याला वयाची अट नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तक्रार करायची की नाही हा निर्णय तुमचा. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तक्रार झाली, जबाब झाला, त्यानंतर काय? घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, ‘बिचारी’ म्हणून डोक्यावरून हात फिरवले जातात, खेळायला पाठवणं बंद होतं. पोराला वाटतं, शिक्षा मलाच झाली. केस चालू राहील. कायद्यात एका वर्षाची मुदत लिहिली असली तरी ती रेंगाळेलही. मुलाला समुपदेशक लागेल, तो १०९८ किंवा बालकल्याण समितीमार्फत मिळतो. तुमचं काम त्याहून साधं आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवा. शाळेत परत जायचंय का, कधी, आणि कुणाशेजारी बसायचंय हे तिला विचारा. आणि संध्याकाळी लुडो काढा. ती नेहमीसारखी चीटिंग करायला लागली की नेहमीसारखंच भांडा.